निळीची वेळ

४ मार्च

दादा,

खुशाली विचारत नाही, कारण तू ती कळवत नाहीस. फोन बदललास, नवा नंबर दिला नाहीस. पत्ता तेवढा दिलास, तोही बाबांना दाखवायचा नाही या अटीवर. दाखवलेला नाही. त्यांनी विचारलाही नाही. तेव्हा हे पत्र कामाचं समज आणि कामापुरतं उत्तर दे.

तू मागे ठेवून गेलेला कॉम्प्युटर आता गच्चीवर आहे. खुराड्याला लागून जी पत्र्याची खोली होती, तिथे बाबांनी तो मांडलाय. म्हणजे तुझी वस्तू त्यांनी कबुतरांना दिली. कबुतरांच्या शर्यतींच्या क्लबात आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. प्रत्येक कबुतराच्या पायात एक कडं, खुराड्याच्या तोंडाशी एक काळी पट्टी. लांबून सोडलेलं कबूतर घरी येऊन पट्टीवर पाय ठेवतं आणि त्या क्षणाची वेळ कॉम्प्युटरमध्ये उमटते. मग बाबा ती छापून चिटणिसांकडे पाठवतात. कोणाचं घर किती लांब आणि कबुतराला किती वेळ लागला, यावरून ते वेग काढतात. तुला हे सगळं माहीत आहे, पण तू इतकी वर्षं नाक मुरडत होतास की विसरलाही असशील.

तर त्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय. शनिवारी चिटणीस फोनवर मोजून सगळ्यांची घड्याळं एकसारखी लावून घेतात. आमचं रविवारी संध्याकाळी पाहावं तर दहाएक मिनिटं मागे. इंटरनेट जोडलं तर आपोआप वेळ लागेल हे मलाही कळतं, पण क्लबाचा नियम आहे की हंगामात जोडायचं नाही. बाहेरून कोणी गडबड करेल म्हणे.

बाबा म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तूच बघ." मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते, हत्यारं उकळते, लोकांच्या तोंडात नळी धरते. यात कॉम्प्युटर कुठे आला? तरी स्क्रू काढून डबा उघडला. दादा, आत काय होतं सांगू? पिसं. पंख्याला गुंडाळलेली पिसं, त्यावर पिवळट भुकटी, ती भुकटी कसली हे विचारू नकोस, आणि कोपऱ्यात एक झुरळ, उताणं, पाय जोडून. मला शिसारी आली. मी हातमोजे घातले होते तरी तीन वेळा हात धुतले आणि जेवले नाही. बाबा मात्र त्याच हातांनी दाणे टाकून, ते हात लेंग्याला पुसून पानावर बसले.

काय बघायचं ते कळव.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'आतली गोल बॅटरी बदल.' चार शब्द. आमच्या डॉक्टरीणबाई औषधाच्या पुडीवर याहून जास्त लिहितात.

तुझं कार्ड यायच्या आधी बाबांनी एक कॉम्प्युटरवाला आणला होता. त्याच्याबद्दल न लिहिलेलंच बरं, पण लिहिते. आल्या आल्या त्याने कानात काडी घातली. ती काडी कीबोर्डच्या कडेला ठेवली. मग म्हणाला, "व्हायरस आहे." मी म्हटलं, "व्हायरस वेळ कशाला खाईल? त्याला दुसरं काही मिळत नाही का?" त्यावर तो माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "बाईंना समजायचं नाही." बाबा हसले. त्याला चहा मीच दिला. पेल्यावर त्याच्या बोटांचे ठसे राहिले होते, ते घासताना मी तुम्हा सगळ्या पुरुषांना एकत्र शिव्या दिल्या. तूही त्यात होतास.

तर तुझी गोल बॅटरी मी स्वतः बदलली. घड्याळवाल्याच्या दुकानात मिळाली, मनगटातल्या घड्याळात असते तशीच, जरा मोठी. कॉम्प्युटरला कोणत्या देशाची वेळ लावली आहे तेही तपासलं, ते बरोबर होतं. बाबा रोज दाणापाणी झालं की गच्चीवरचं मेन स्विच बंद करतात, पिसांनी आग लागेल म्हणून. मला वाटलं, वीज नाही आणि जुनी बॅटरी मेलेली, म्हणून घड्याळ अडखळत असणार. नवी घातली आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फोनशी ताडून पाहिलं. एकदम चोख. मला इतका आनंद झाला की मी चक्क खुराड्यासमोर उभी राहून हसले.

रविवारी संध्याकाळी पाहते तर पुन्हा मागे.

बाबांना राग नाही आला. उलट खुशीत आहेत. न्हाव्याकडे, दूधवाल्याकडे, क्लबात, जो भेटेल त्याला सांगतात, "आमचं घड्याळ बिघडलंय हो. मुलगी बिचारी हात धुऊन मागे लागली आहे. बॅटरी बदलली, माणूस आणला, काही उपयोग नाही." माझं कौतुक त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरच माझं नाव निघतं.

एक सांगायचं राहिलं. निळी सलग जिंकते आहे. निळी म्हणजे मानेवर निळसर झाक असलेली मादी, तू गेलास तेव्हा अंड्यात होती. घरात मला फक्त तिचा राग येत नाही. ती आली की पट्टीवर उतरते, आजूबाजूला बघते आणि सरळ आत जाते. काही नखरा नाही.

आता पुढे काय करू?

धाकटी


७ एप्रिल

दादा,

'रोज मागे पडतं की फक्त रविवारी?'

हे तू कार्डावर लिहिलंस. उघड्या कार्डावर, पोस्टमननेही वाचलं असेल. तुझ्या प्रश्नाचा अर्थ कळत नाही इतकी मी भोळी नाही. फक्त रविवारीच मागे पडतं. शर्यतीच्याच दिवशी. बॅटरी खराब असती तर तिला वार कसा कळला असता, हेच तुला म्हणायचंय ना? मग स्पष्ट म्हण. बापाला चोर म्हणायचं असेल तर निदान पाकिटात घालून म्हण.

तू प्रत्येक गोष्टीत तेच बघतोस. परीक्षेच्या गोष्टीला किती वर्षं झाली, आठवतंय? मला ती कोणी नीट सांगितली नाही, मी दाराआडून ऐकली. तुझी प्रवेशाची परीक्षा होती. पेपर तपासणारे सर क्लबातले. बाबांनी त्यांना कबुतरांची एक जोडी नेऊन दिली आणि शब्द टाकला. तू यादीत पहिला आलास. आणि मग क्लबाच्या चहापानात ते सर सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "तुमच्या पोराचा पेपर? मी उघडलासुद्धा नाही!" तू तिथेच कप खाली ठेवलास. कॉलेज सोडलंस, मग घर सोडलंस. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "केलं ते तुझ्यासाठीच ना?"

चूक त्यांची होती, मी नाही म्हणत नाही. पण घरच्यांना मागे टाकून निघून जाण्याइतकी? आई गेली तेव्हा तू आलास आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसून परत गेलास. बाबांच्या बनियनला कबुतरांचा वास येतो, बोलताना त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात फेस जमतो, चमचा तोंडात घालून तोच बरणीत घालतात. हे मी रोज पाहते. तू लांब बसून नुसते प्रश्न विचारतोस.

घड्याळाचं मी बघेन. तू राहू दे.


१२ एप्रिल, रविवार

दादा,

पाकिटात घालून पाठवतेय.

आज दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले. पत्र्याच्या खोलीची खिडकी उघडी होती. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकेल इतके जवळ. घड्याळाची चौकट उघडलेली होती. एका बोटाने, अगदी सावकाश, ते मिनिटं खाली आणत होते. एक, मग दुसरं, मग तिसरं. ओठ हलत होते. मला वाटलं दुरुस्त करताहेत. मी म्हटलं, "बाबा, पुढे करायचंय की मागे?"

असे दचकले, दादा. मग साळसूदपणे म्हणाले, "काही नाही गं, नुसतं बघत होतो." आणि चौकट मिटली.

तेवढ्यात निळी आली. डोक्यावरून गेली आणि जाता जाता माझ्या दवाखान्याच्या पांढऱ्या एप्रनवर बरोबर खिशापाशी घाण केली. दुसरा एप्रन इस्त्रीवाल्याकडे आहे. उद्या बिनएप्रनची का आले हे डॉक्टरीणबाईंना पटावं म्हणून मी लगेच फोटो काढून पाठवला. दोरीवरचा एप्रन, त्यावरचा तो हिरवट-पांढरा ओघळ, आणि मागे पट्टीवर उतरलेली निळी. त्या म्हणाल्या, "शी! जेवताना कशाला पाठवलास?"

संध्याकाळी बाबांनी छापलेला कागद टेबलावर होता. त्यावरची निळीची वेळ आणि माझ्या फोटोवरची वेळ. कागदावर ती दहा मिनिटं आधी आली आहे.

मी दोन्ही शेजारी ठेवून तीनदा ताडून पाहिलं. त्या पिसांची, त्या झुरळाची मला इतकी किळस आली नव्हती. ती घाण तर घाणीसारखी दिसते. मला आज ज्याची किळस येतेय ते दुसरंच आहे. मी बॅटरी बदलली. मी त्या कॉम्प्युटरवाल्याला चहा दिला, त्याचा उर्मटपणा सोसला. मी तुला पत्रं लिहिली. आणि ते गावभर सांगत फिरले की मुलगी हात धुऊन मागे लागली आहे. घड्याळ दुरुस्त व्हावं म्हणून त्यांनी मला कामाला लावलंच नव्हतं. ते बिघडलंय याला साक्षीदार हवा होता. माझं कौतुक त्यासाठी होतं.

तुला हे आधीच कळलं होतं. मागच्या पत्रात जे लिहिलं ते परत घेत नाही, पण तुझा प्रश्न बरोबर होता.


२१ एप्रिल

दादा,

प्रकरण क्लबात गेलं. शिंपीमास्तरांनी बारा तारखेच्या शर्यतीची तक्रार केली. ओढ्याच्या पलीकडे, कबुतरं जिकडून येतात त्या बाजूला राहतात ते, त्यांची लाल मादी निळीच्या मागोमाग दुसरी येते. मास्तर दुर्बीण घेऊन आमच्या गच्चीवर नजर ठेवून असतात. माझे वाळत घातलेले कपडेही त्यांना पाठ असतील, मेल्यांना. त्यांचं म्हणणं, लाल घरी उतरल्यावर त्यांनी दुर्बीण लावली तेव्हा निळी अजून हवेत होती, मग तिची वेळ इतकी आधीची कशी? आणि रागाच्या भरात सगळ्यांसमोर बाबांना चोर म्हणाले.

आता शनिवारी बैठक आहे. चिटणिसांनी येऊन घड्याळ पाहिलं, ते मागे होतंच. घड्याळ नुसतं बिघडलेलं असेल तर तेवढी एक शर्यत रद्द आणि मास्तरांनी सर्वांसमोर माफी मागायची, नाहीतर क्लब सोडायचा. मुद्दाम केलेलं असेल तर बाबा कायमचे बाहेर आणि हंगामातले सगळे निकाल पुसले जाणार. मास्तरांना बायको नाही, मूल नाही, क्लब सोडला तर ते भिंतीशी बोलतील. बाबांचंही क्लबाशिवाय काय आहे? मी आहे, पण मी मोजण्यात नाही.

बाबा माझी तयारी करून घेताहेत. रात्रीच्या जेवणाला नाही, सकाळच्या चहालाच सुरुवात होते. "बॅटरी कधी बदललीस? कोणाकडून आणलीस? तो माणूस काय म्हणाला? हं, व्हायरस म्हणाला तेही सांग. सगळं खरंच सांगायचं, खोटं काही बोलायचं नाही." ऐकलंस? खोटं काही बोलायचं नाही! दादा, ते खरंच आहे. मी एक शब्दही खोटा न बोलता खोटं बोलू शकते, इतकी चोख व्यवस्था त्यांनी केली आहे.

खिडकीतून मी पाहिलं हे त्यांना माहीत आहे. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही. ते माझ्या पानात स्वतः भाजी वाढतात. मी ती कडेला सारते.

काय करू ते विचारत नाही. तू चार शब्दांत सांगशील आणि मला ते पटतील.


२७ एप्रिल

दादा,

झालं एकदाचं.

क्लबाच्या हॉलमध्ये पंखा होता पण तो फिरत नव्हता. सगळ्यांच्या अंगाला तोच वास, दाण्याचा आणि विष्ठेचा, आणि सगळे त्यात मजेत बसलेले. तुझे ते परीक्षक सरही होते पुढच्या रांगेत, म्हातारे झालेत, दातांची कवळी काढून रुमालात धरली होती. मी रोज कवळ्या धुते, पण ती पाहून दोन रांगा मागे जाऊन बसले.

बाबा छान बोलले. जुनं यंत्र, गरिबाघरचं, मुलगी त्यापायी राबली, विचारा तिला. चिटणीस माझ्याकडे वळले. ते सरळ माणूस आहेत, कोरडे, हातात नेहमी पेन्सिल. म्हणाले, "सांगा ताई. घड्याळ बिघडलेलं आहे?"

मी म्हटलं, "नाही. बॅटरी बदलल्यापासून ते एकदाही बिघडलेलं नाही. बाबा रविवारी हाताने मागे करतात. मी पाहिलंय."

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. मास्तरांनी नाकातून आवाज काढला आणि चहूकडे बघून घेतलं, जणू त्यांचा सत्कार चाललाय. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोरल्याने कान भरलेत हिचे. पत्रं चालतात, मला ठाऊक आहे." म्हणजे तुझ्या कार्डांचं त्यांना माहीत होतं, दादा. सुरुवातीपासून. वाचतही असतील.

चिटणीस म्हणाले, "मग खरी वेळ काय होती?" मी एप्रनचा फोटो दाखवला. पुढच्या रांगेतून हसू फुटलं. चिटणीस हसले नाहीत. फोटोवरची वेळ त्यांनी उतरवून घेतली आणि पेन्सिलीने हिशेब करायला बसले. मास्तर म्हणाले, "आता कशाला? माणूस बाहेर गेला की झालं." चिटणीस म्हणाले, "वही अर्धवट ठेवता येत नाही." लालचं अंतर, लालची वेळ. निळीचं अंतर, निळीची खरी वेळ. एकदा केला, खोडला, परत केला. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "निळीच पहिली आहे."

मास्तर उठले. "माझी आधी उतरली! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"उतरली. पण तुमचं घर वाटेत आधी लागतं. निळी ओढा ओलांडून पुढे गेली. तेवढ्या जास्त अंतराच्या मानाने तिला वेळ फारच थोडा लागला. दहा मिनिटं धरली काय न धरली काय, पहिली तीच."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता, दादा, तो मला आवडला नसता तर बरं झालं असतं. इतके दिवस मी त्या तोंडाकडे बघून घेतलेली किळस एका क्षणात कुठे गेली कळेना. मग परत आली. ते हळूच म्हणाले, "आधीच्या रविवारी?" चिटणीस म्हणाले, "त्या वेळा आता कोणालाच माहीत नाहीत. त्या तुम्ही पुसल्यात."

नियमाप्रमाणे बाबा क्लबाबाहेर. निळीचं नाव सगळीकडून खोडलं. करंडक मास्तरांना. आणि हे ऐक, काल सकाळी मास्तर आमच्या दारात. मला वाटलं निदान दोन शब्द बरे बोलायला आले असतील. म्हणाले, "आता तुमच्या वडिलांना तिचा काय उपयोग? निळी मला द्यायला सांगा." दात काढून हसत होते. ज्या माणसाची बाजू राखायला मी बापाला हॉलमध्ये उभं केलं, तो हा. मी दार लावलं, त्यांचं बोट थोडक्यात वाचलं. खऱ्याची बाजू घेतली की माणसं बरी निघतात असं कोणी सांगितलं होतं मला?

हॉलमधून घरी येताना बाबा माझ्या पुढे पुढे चालत होते. ओढ्याच्या पुलावर थांबले. मला वाटलं आता तुझ्यासारखं मलाही काहीतरी ऐकवतील. म्हणाले, "ती इतकी चांगली आहे हे मला वाटलंच नाही." एवढंच. मी त्यांना तिथेच ठेवून पुढे निघाले. अंड्यातून बाहेर आल्यापासून हाताने दाणे भरवले तिला, आणि वाटलंच नाही!

आज सकाळी त्यांनी खुराडं साफ केलं, स्वतः, पहिल्यांदा. मग खाली येऊन स्वयंपाकघरात उभे राहिले. हात धुतलेले होते. मी चहा गाळत होते. म्हणाले, "त्याचा तो पेपर. उघडला असता तरी तो पहिला आला असता का गं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

ते म्हणाले, "त्याला माहीत असेल?"

चहा तसाच ठेवून वर गेले. मला अजून त्यांचा राग आहे, त्यांचा वासही सहन होत नाही, आणि तू यावंस असं मी म्हणत नाही. पण हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. ज्याला होता त्याचा पत्ता आज मी त्यांना देणार आहे. अट मोडतेय, सांगून मोडतेय.

धाकटी